शिवारातली एकटी ज्वारी

आमच्या उंद्री गावच्या घरी पोळी पाहुण्यांसाठी असायची. जावई आला, पोळा आला, तरच गव्हाच्या डब्याला हात लागायचा. एरवी दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी. त्यामुळे आई गेल्यावर बुलढाण्याला माझ्याकडे राहायला आलेल्या वडिलांनी आठवडाभरातच पोळीचं ताट सरकवून विचारलं, "मी काय पाव्हणा हाय का तुया घरी?" मी हसण्यावारी नेलं. पण त्यांचं जेवण निम्म्यावर आलं, सदरा अंगावर लोंबू लागला आणि डॉक्टरांनी बजावलं की असंच चाललं तर ते अंथरूण धरतील. मग माझं हसू मावळलं.

बाजारातून ज्वारी आणली, दळली. जन्म शाळेत खडू धरण्यात गेलेला, तरी भाकऱ्या थापल्या. वडिलांनी एक घास चघळला आणि "हे आपली नोहे" असा निकाल दिला. आपली म्हणजे आमच्या रानातली. मी वैतागले. म्हटलं, "बाबा, तुमच्या ठेच्यातली मिरची तरी कुठं आपली? जहाजातून आली. शेंगदाणा, बटाटा, एकादशीचा साबुदाणा, सगळे बाहेरचेच. माणसं शेकडो वर्षं ताट बदलतच आलीत."

"हाव," ते म्हणाले. "पण थे आले तवा ज्वारी कुठी गेली नोहोती."

मिरची आली ती भाकरीशेजारी बसली, शेंगदाणाही बसला. आमच्या डोळ्यांदेखत मात्र भाकरीच पंगतीतून उठून गेली. रेशनचा गहू आला आणि पोळी खाणारं घर सुधारलेलं ठरलं. माझ्या डब्यात भाकरी असली की मीही झाकण अर्धवटच उघडायची. बैल कमी झाले तसा ज्वारीचा कडबाही नकोसा झाला. मग सोयाबीन आलं. ते आमच्या गावात कुणी शिजवत नाही. पोत्यांतून जातं आणि तेलाची पिशवी होऊन किराणा दुकानात परत येतं. याला प्रगती म्हणतात, आणि पोटभर जेवूनच मी ही तक्रार करते आहे, हेही खरं.

धाकटा भाऊ गावी शेती करतो. त्याच्या मागे लागून, अक्षरशः भांडून, मी अर्धा एकर ज्वारी पेरायला लावली. तेव्हापासून वडील रोज त्याला फोनवर विचारायचे, "पोटऱ्यात आली का? कणीस भरलं का?" आणि विचारून झालं की दोन घास जास्त खायचे. मला वाटलं, जिंकलो आपण.

दाणा दुधात आला आणि पाखरं उतरली. भावानं जुन्या साड्यांचं कुंपण घातलं, चमकत्या पट्ट्या बांधल्या, फटाके फोडले. रानडुकरांनी साड्या फाडल्या. मी फोनवर चिडले तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, साऱ्या शिवारात आपलीच एकली ज्वारी. दुसरीकडं काऊन जातीन थे?" पूर्वी सगळं गावच ज्वारी पेरायचं, त्यामुळे पाखरांचा वाटा सगळ्यांत विभागला जायचा. हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

उरलेली कणसं झोडपून जेमतेम एका दळणापुरते दाणे मिळाले. मी स्वतः दळून आणले. भाकरी कडेला चिरली, पण फुगली. वडिलांनी वरणात कुस्करून घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले. मी समोर उभी होते, परीक्षेला बसल्यासारखी.

"रान आपलं हाय," ते म्हणाले. "पण हे थे ज्वारी नोहे, माय. बियाणं दुकानातलं हाय ना?"

मी मान डोलावली. घरचं बियाणं आईनं राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं असायचं. तिच्यामागे ते कुणी राखलं नव्हतं. गावातही कुणाकडे नव्हतं, भावानं आधीच विचारून पाहिलं होतं.

त्यांनी ती भाकरी मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत संपवली. हात धुताना म्हणाले, "उद्यापासून पोळीच कर. उगाच तुले तरास."

आता ते वेळेवर जेवतात. दोन पोळ्या, भाजी, वरण. वजन वाढलं म्हणून डॉक्टर खूश आहेत. फोनवर ते शेतातलं काही विचारत नाहीत, आणि ते पाहुण्यासारखे निमूटपणे पोळी मोडतात तेव्हा मला त्यांच्यासमोर बसवत नाही.