सर्व्हरबाईंचं लग्न आणि नवी डिस्क

विवाह नोंदणी कार्यालयातल्या सर्व्हरबाईंना स्वतःचं असं एक नाव होतं, पण ते फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. बाकी सगळे, निबंधक साहेबांपासून दारात फुलं विकणाऱ्या म्हातारीपर्यंत, त्यांना सर्व्हरबाईच म्हणत. शहरात ज्यांचं म्हणून लग्न झालं होतं, त्या सगळ्यांचा संसार बाईंच्या ताब्यातल्या एका करड्या पेटीत नोंदलेला होता. ही पेटी जिन्याखालच्या खोलीत अहोरात्र गुरगुरत असे. बाई तिच्याशी बोलत. एकदा शिपायाने तिच्यावर चहाचा कप ठेवला, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो दुसऱ्या दिवशी रजेवर गेला.

इतरांची लग्नं सांभाळण्याच्या नादात बाईंचं स्वतःचं लग्न मात्र दोनदा पुढे गेलं. पहिल्यांदा बॅकअप अर्ध्यात अडकला. दुसऱ्यांदा सर्व्हरचा पंखा बंद पडला आणि बाई लग्नाच्या कपड्यांत, केसांतली फुलं सावरत, पुठ्ठ्याने त्याला वारा घालत बसल्या. नवरदेव चष्म्यांचा दुकानदार होता. दिवसभर लोकांना "आता स्पष्ट दिसतं, की मघाशी दिसत होतं?" असं विचारून त्याच्या अंगी विलक्षण संयम आला होता. त्याच्या आईच्या अंगी तो आला नव्हता.

"अरे, तिचं एक लग्न झालेलं आहे," ती मुलाला म्हणाली होती. "त्या पेटीशी. तू दुसरा."

आता तिसरी खेप होती आणि ती शेवटचीही होती. लग्नाची नोटीस ठरावीक मुदतीपुरतीच चालते, आणि ती मुदत आज कार्यालय बंद होताना संपणार होती. आज नोंद झाली नाही तर पुन्हा नोटीस, पुन्हा महिनाभर थांबणं. भावी सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं होतं की चौथ्यांदा त्या येणार नाहीत, फार तर फोटो बघतील.

तर त्या दुपारी बाई खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, रांगेत, नवरदेव आणि सासूबाईंच्या शेजारी, हातात गुच्छ घेऊन उभ्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ती खिडकी बाहेरून दिसत होती आणि काच किती मळकी आहे हे कळून त्यांना धक्का बसला होता. एवढ्यात आतून कारकुनाचा आवाज आला.

"जागा नाही म्हणतंय!"

"कुठे?" साहेब म्हणाले. "बाकावर?"

"सर्व्हरवर."

बाईंचा चेहरा उतरला. जुनी डिस्क भरत आली आहे हे त्यांना माहीत होतं. नवी बसवून ठेवलीही होती. फायली हलवायच्या होत्या येत्या रविवारी, आणि तोवर पुरेल एवढी जागा शिल्लक आहे असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चोख होता. पण बाई लग्नासाठी रजेवर गेल्या आणि साहेबांना अधिकार गाजवायला मोकळं रान मिळालं. जोडप्यांचे फोटो यापुढे सर्वांत वरच्या दर्जाचे चढवावेत, असा त्यांनी हुकूम काढला.

"माणसाच्या आयुष्यातला तो क्षण आहे," साहेब आता खिडकीतून खुलासा करू लागले. "भुवई न् भुवई दिसली पाहिजे."

"साहेब, भुवयांनीच डिस्क भरली," बाई म्हणाल्या. "दार उघडा. मी येते आत."

साहेब दाराकडे निघाले आणि मध्येच थांबले. कार्यालयाचा एक नियम होता. ज्याचं स्वतःचं प्रकरण नोंदीला आलं असेल, त्या कर्मचाऱ्याने त्या दिवशी संगणकाला हात लावायचा नाही. पूर्वी एका कारकुनाने स्वतःच्या लग्नाच्या नोंदीत स्वतःचं वय इतकं उतरवलं होतं की तो आपल्या धाकट्या भावापेक्षा लहान झाला. तेव्हापासून हा नियम भिंतीवर चौकटीत होता आणि तो तिथे लावायला बाईंनीच लावला होता.

"मग कोण करणार?" सासूबाईंनी विचारलं.

सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दोघांकडेच होता. एक बाई. दुसरे साहेब, ज्यांनी तो कधीच वापरला नव्हता. साहेबांनी टाय सैल केला.

"सांगा बाई," ते म्हणाले. "तुम्ही बोला, मी टायपतो."

साहेबांचं टेबल खिडकीला लागूनच होतं. त्यांनी संगणकाचा पडदा खिडकीकडे वळवला आणि उजव्या हाताचं एक बोट उगारलं.

"आधी डेटाबेस बंद करायचा."

"बंद? म्हणजे शहरातली सगळी लग्नं बंद?"

"तात्पुरती."

दाखल्याची दुसरी प्रत घ्यायला आलेले एक आजोबा रांगेतून म्हणाले, "आमचं सावकाश चालू केलंत तरी चालेल." त्यांच्या बायकोने त्यांना छत्री मारली. रांग हसली. कार्यालयात हसू येण्याची कुणाला सवय नव्हती, त्यामुळे ते जरा जास्तच टिकलं.

"आता जुन्या डिस्कवरच्या फायली नव्या डिस्कवर," बाई म्हणाल्या. "हलवायच्या नाहीत साहेब, नक्कल करायची. मूळ तिथेच राहू द्यायच्या."

"अगं, मग हलवल्या कुठे?" सासूबाई पुढे सरसावल्या.

"आई, नव्या जागी सगळं नीट चालतंय हे आधी बघायचं. मगच जुनं सोडायचं."

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. "ही असं बोलते, हे मला आधी सांगायचंस ना!"

इकडे साहेब कळफलकात आडवी रेघ शोधत होते. सापडली, पण ती खालची निघाली.

"मधली हवी साहेब."

"खालची आणि मधली असा भेद असतो?"

"खालची दाबलीत तर संगणक काहीच करणार नाही."

"मग निरुपद्रवी आहे की," साहेब म्हणाले आणि मधली शोधू लागले.

शेवटी नक्कल सुरू झाली. नोंदींच्या फायली वर्षवार होत्या, त्यामुळे पडद्यावर एकेक वर्ष उमटून वर सरकू लागलं. प्रथम कुणाच्या लक्षात आलं नाही. मग छत्रीवाल्या आजी एकदम ओरडल्या, "अहो, आपलं वर्ष!" आजोबांनी टाळ्या वाजवल्या. तेवढं निमित्त पुरलं. नोंदणीची साक्षीदार म्हणून आलेली एक मावशी, घटस्फोटाची चौकशी करायला आलेला एक गृहस्थ, खुद्द शिपाई, ज्याचं त्याचं वर्ष आलं की आरोळी उठू लागली. चौकशीवाला गृहस्थ आपलं वर्ष सरकताना बराच वेळ बघत राहिला आणि "चांगला पाऊस होता त्या वर्षी," एवढंच बोलून चौकशी न करता बाकावर जाऊन बसला. मग सासूबाईंचं वर्ष आलं. त्या काही ओरडल्या नाहीत. त्यांनी नुसतं काचेवर बोट टेकवलं आणि ते वर्ष पडद्याबाहेर जाईपर्यंत तसंच वर वर सरकवत नेलं.

नक्कल पुरी झाली. बाईंनी डेटाबेसच्या सेटिंगमधला फायलींचा पत्ता बदलून घेतला. साहेबांनी तो मोठ्याने वाचत, प्रत्येक तिरक्या रेघेला मान तिरकी करत लिहिला. शिपाई किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत फिरू लागला होता.

"आता चालू करा."

साहेबांनी कळ दाबली. पडद्यावर लाल ओळ आली.

"परवानगी नाही," साहेबांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. "मला? मी निबंधक आहे!"

बाईंनी डोळे मिटले. काहीतरी एक पायरी राहिली होती. हे काम त्यांनी कितीदा केलं होतं, पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं. जे हातांना पाठ होतं, ते तोंडाला मुळीच येत नव्हतं. त्यांनी पहिल्यापासून आठवून पाहिलं: बंद, नक्कल, पत्ता, चालू. तोंड तेवढंच म्हणत होतं आणि पुढे आग्रहाने गप्प बसत होतं.

"काय झालं गं?" नवरदेवाने विचारलं.

"हातात आहे रे. तोंडात येत नाहीये."

"मग हाताला विचार."

"हात लावायची बंदी आहे ना!"

"संगणकाला. फळीला कुठे आहे?" त्याने त्यांच्या हातातला गुच्छ काढून घेतला.

सर्व्हरबाईंनी खिडकीच्या लाकडी फळीवर दहाही बोटं ठेवली. सबंध रांग पुढे झुकली. बोटं आधी लाजली, मग सुटली. फळीवर टकटक सुरू झाली: बंद केलं, नक्कल केली, आणि नक्कल संपताच, पत्त्याकडे न जाता, बोटं स्वतःहून आणखी एक हुकूम वाजवू लागली. बाईंनी डोळे उघडून आपल्याच बोटांकडे चहाडी ऐकावी तसं पाहिलं.

"मालकी!" त्या किंचाळल्या. "साहेब, फायलींची मालकी! नक्कल तुम्ही केलीत, म्हणून सगळ्या फायली तुमच्या नावावर गेल्या!"

"सगळी लग्नं माझ्या नावावर?" साहेब खुर्चीतून उठले. आतल्या दारात त्यांच्यासाठी डबा घेऊन आलेली त्यांची पत्नी उभी होती, हे त्यांना तेव्हाच दिसलं.

"डेटाबेसचं तिथे वेगळं खातं असतं. दुसऱ्याच्या नावावरच्या फायलींना ते हात लावत नाही."

त्या कार्यालयात एवढी शिस्त पाळणारं दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी हुकूम सांगितला, साहेबांनी कधी नव्हे ते दोन बोटांनी टायपून शहरातल्या तमाम लग्नांवरचा आपला हक्क सोडला आणि कळ दाबली. पडद्यावर हिरवी ओळ आली.

जो गलका झाला त्यात दारातली फुलवाली म्हातारी आत धावत आली. रांगेतल्या सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं की पहिली नोंद बाईंची.

"नको," बाई म्हणाल्या. "पहिली नोंद चाचणीची असते. बिघडली तर पुसायची असते."

"पुसायची?" सासूबाई कडाडल्या. "माझ्या मुलाचं लग्न पुसणार?"

"आमचीच करा चाचणी," नवरदेव म्हणाला. "मला चालेल."

कारकुनाने नोंद घेतली. साहेबांनी दोघांना विचारायचं ते विचारलं, दोघांनी द्यायचं ते उत्तर दिलं. नोंद शिरली. क्रमांक आला. साहेबांनी दाखला छापायला हात पुढे केला, आणि तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. डेटाबेस एकदा बंद करून पुन्हा चालू करा."

"बाई!" साहेब म्हणाले. रांगही जवळजवळ तेच म्हणाली, जरा कमी आदराने.

"बंद करून चालू केल्यावर टिकली, तरच ती नोंद नव्या डिस्कवर आहे. नाहीतर उद्या सकाळी कुणीतरी म्हणेल की असं काही झालंच नव्हतं. मी तसली सही करणार नाही."

सगळ्यांनी नवरदेवाकडे पाहिलं. शिपायाने जुडगा मुठीत आवळून गप्प केला. घड्याळाकडे कुणी बघितलं नाही, कारण बघून उपयोग नव्हता.

"करा साहेब," नवरदेव म्हणाला. "मलाही टिकणारीच हवी आहे."

साहेबांनी बंद केलं. क्षणभर शहरात कुणाचंच लग्न झालेलं नव्हतं. आजोबांनी त्या क्षणातही छत्रीवाल्या आजींचा हात धरला, कदाचित सवयीने. साहेबांनी चालू केलं. कारकुनाने क्रमांक टाकला. जरा वेळ पडदा पांढरा राहिला आणि मग त्यावर दोन चेहरे आले, सर्वांत वरच्या दर्जाचे, भुवई न् भुवई स्पष्ट.

सर्व्हरबाई इतक्या हसत सुटल्या की त्यांना सही जमेना. पहिल्यांदा पेन घसरलं, दुसऱ्यांदा नाव अर्ध्यावर वाकलं, तेव्हा सासूबाईंनी त्यांचं कोपर दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि त्या कानाशी म्हणाल्या, "कर गं, सावकाश. आता कुठे जाते नोंद?"