एकतीस चौकोन

रोझालिया झानिएव्स्काने एकदा खुद्द पाद्र्याला दारात अडवून ओळखपत्र मागितलं होतं. जानेवारीत पाद्री घरोघर आशीर्वाद द्यायला फिरतात. त्या वर्षी नेहमीचे आजारी पडले म्हणून कुणी बदली आला होता. तो बिचारा क्रूस हातात घेऊन जिन्यात उभा आणि ही म्हणते, "क्रूस काय, बाजारात कुणालाही मिळतो. कागद दाखवा." चष्मा लावून तिने कागद वाचला, मग आशीर्वाद घेतला.

ती जन्मतः अशी नव्हती. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात ती इमारतीची नवी राखणदार होती. दोन माणसं "गॅस तपासायला" आली आणि तिने हसून जिना दाखवला. ते गुप्त पोलीस निघाले. त्यांनी दुसऱ्या मजल्यावरच्या मास्तरांना उचलून नेलं. मास्तर वर्षाने परतले, पण तिला एका शब्दाने काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून इमारतीत कोण आलं, कोण गेलं, यावर तिने डोळ्यांत तेल घालून नजर ठेवली. पुढे राखणदाराची जागाच रद्द झाली. तळघराच्या किल्ल्या मात्र तिने परत केल्या नाहीत, आणि मागायची कुणाची छाती झाली नाही.

त्यामुळे इमारतीतलं एक गुपित फक्त तिलाच पुरतं ठाऊक होतं. नगरपालिकेच्या नोंदीत इथे एकतीस माणसं राहत होती. खरी होती बावन्न. कचऱ्याचा कर माणशी, आणि घरात माणसं किती ते ज्याचं त्याने अर्जात लिहायचं. मग कोण खरं लिहितंय? दोरीवरचे कपडे आणि दाराबाहेरचे बूट पाहून रोझालियाने खरा आकडा मनात धरला होता. तो तिने कधी कुणाला सांगितला नाही, कारण तीही त्यात होतीच. धाकटी बहीण तेक्ला नवरा गेल्यावर आठवड्यासाठी म्हणून आली, त्याला चार वर्षं झाली. अर्जात रोझालियाच्या घरी अजूनही एकच माणूस होतं. घंटा वाजली की तेक्ला टीव्ही बंद करून स्वयंपाकघरात जाऊन बसायची.

मार्चमध्ये फाटकावर नोटीस लागली. युद्धाची झळ लागली तर लपायला जागा हवी म्हणून ब्रसेल्सहून शहराला पैसे मिळणार होते, आणि शहर त्यातून निवडक तळघरं सज्ज करणार होतं. सीमा चाळीस किलोमीटरवर, त्यामुळे नोटीस सगळ्यांनी दोनदा वाचली.

"कुठेतरी पाणी मुरतंय," तिसऱ्या मजल्यावरचे गायेव्स्की म्हणाले. अर्जात दोघं नवरा-बायको, घरात मुलगी आणि दोन नातवंडं धरून पाच. "सैन्य वॉर्सोचं, रणगाडे वॉर्सोचे, आणि आमच्या बटाट्यांच्या तळघराची काळजी ब्रसेल्सला? माणसं मोजायचा डाव आहे हा. आधी निवारा, मागून दंड!"

"मला काय सांगता," रोझालिया म्हणाली. "मी तर गॅसवाल्यांपासून ओळखते यांना."

शनिवारी सकाळी नगरपालिकेचा इंजिनियर ब्लाझेय आला. रोझालियाने त्याचं ओळखपत्र पुढून-मागून पाहिलं, नंबर उतरवून घेतला, मगच तळघराचं लोखंडी दार उघडलं. काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, सायकली, जुने स्की सगळ्यांनी आदल्या दिवशीच हलवले होते. ब्लाझेयने खडूने जमिनीवर चौकोन आखले. एकतीस.

"सोमवारी पैशांसाठीचा अर्ज जातो," तो म्हणाला. "बाकं, पाणी, हवेचं यंत्र, सगळं या आकड्यावर ठरणार."

"आणि आकडा आणलात कुठून?" रोझालियाने विचारलं.

"कचऱ्याच्या अर्जातून. त्याहून ताजा आकडा आमच्याकडे कुठला असणार?"

गायेव्स्कींनी रोझालियाकडे पाहिलं. बघा, मी म्हणत नव्हतो?

"जरा आपापल्या चौकोनात उभे राहा," ब्लाझेय म्हणाला, "म्हणजे बाकांचा अंदाज येईल."

सगळे उभे राहिले. नोंदीतलेच. बाकीचे सवयीने वर घरातच थांबले होते. नगरपालिकेचं माणूस आलं की ते खाली उतरतच नसत. रोझालिया दाराजवळच्या चौकोनात उभी राहिली.

तेवढ्यात जिन्यावर काठी वाजली. दुखरा गुडघा सांभाळत, बगलेत चहाचा थर्मास धरून तेक्ला खाली येत होती.

"अगं रोझा, इथे केवढा गारठा! म्हटलं, चहा तरी..." इंजिनियर दिसताच ती दाराबाहेर शेवटच्या पायरीवरच थबकली.

"या कोण?" ब्लाझेयने विचारलं.

"पाहुणी," रोझालिया म्हणाली. चार वर्षांच्या सवयीने शब्द आपोआप आला.

"मी इथेच बरी," तेक्ला म्हणाली आणि पायरीवर आणखी भिंतीकडे सरकली.

ब्लाझेय दाराची चौकट चाचपत होता. "बाई, किल्ली तुमच्याकडे ना? जरा दार ओढून घ्या. फट किती राहते ते बघतो."

रोझालियाने कडी धरली. हे दार तिने आयुष्यभर लावलं होतं, डोळे मिटूनही लावलं असतं. फट कमी कमी होत गेली, आणि उरलेल्या फटीत थर्मास छातीशी धरलेली तेक्ला दिसत होती. ती तक्रार करत नव्हती. मास्तरांनीही केली नव्हती.

रोझालियाचा हात थांबला. तिला रडूच फुटलं, आणि त्या रडण्याचाही तिला राग आला.

"तुमच्या अर्जात खोटं आहे," ती म्हणाली. "हे सांगितलं तर दंड करणार का?"

"कचऱ्याचं खातं वेगळं आहे, बाई. माझ्याकडून एक अक्षर जाणार नाही."

त्याच्या शब्दावर तिचा काडीइतकाही विश्वास बसला नाही.

"माझ्या घरात दोघी," ती म्हणाली. "लिहा."

ब्लाझेयने खाली बसून उंबऱ्याला लागून बत्तिसावा चौकोन आखला. रोझालियाने दार पुन्हा सताड उघडलं आणि तेक्लाला हाताला धरून आत आणलं.

मागून गायेव्स्की खाकरले. "आमच्याकडे... पाच."

रोझालियाने वळून पाहिलं नाही. तिला माहीत होतं.