वकीलसाहेबांच्या गाडीचं ‘चूं’

गॅरेजात दोन गोष्टी कोणी फेकत नाही. जुने नट आणि जुने किस्से! कुठला कधी कामी येईल, काय नेम? सक्करदऱ्याच्या गॅरेजात मी पंधरा वर्षं पाने फिरवले. त्यातली निम्मी वकीलसाहेबांच्या गाडीखाली गेली. घरची खाट कमी पाहिली, त्या गाडीचं पोट जास्त!

गाडी जुनी. चाकं धरून ठेवणाऱ्या दांड्यांत रबराचे बुश असतात, ते पार झिजलेले. खड्डा आला की ‘चूं!’ आमचे उस्ताद सदूभाऊ, मिशी भरघोस आणि जीभ तिखट. त्यांनी साहेबांच्या घरी चिठ्ठी धाडली, “बुश फाटले. नवे पाठवा.”

संध्याकाळी वकिलीणबाईंनी इस्त्री केलेला बुशशर्ट पाठवला! वर निरोप, “नवा नाही, पण धड आहे.”

सदूभाऊंनी तो परत केला असेल? छे! अंगात घालून मला म्हणतात, “पाह्य गा, फिटिंग बरोब्बर हाये!”

*

एकदा साहेबांनी स्वतःच डोकं चालवलं. आवाज जावा म्हणून बुशांना आठवडाभर जवसाचं तेल पाजलं. आता रबराला तेल चालते का? फुगून टम्म!

सदूभाऊ गाडीखालून ओरडले, “साहेब, तुमी गाडी चालवून राहिले का भजे तळून राहिले?”

*

नवे बुश बसवले की नट शेवटी कसायचे असतात, तेही गाडी जमिनीवर उभी करून, आत माणसं बसवून. नाहीतर रबर पिळून फाटते. म्हणून सदूभाऊ दिसेल त्याला गाडीत कोंबायचे.

एक दिवस साहेबांचा पक्षकार आपली मोटरसायकल घेऊन आला. मागोमाग त्याचा चुलतभाऊ. दोघांची धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आठ वर्षं कोर्टात मारामारी! सदूभाऊंना त्याचं काय? वजन सारखं दिसलं, दोघांनाही मागच्या सीटवर बसवलं. “हलू नका!” म्हणाले आणि खाली शिरले.

अर्ध्या तासानं दोघं खांद्यावर हात टाकून उतरले. धुरा मिटला!

साहेब आले ते तणतणतच. “मिस्त्री, बुश बसवायला सांगितले होते. केस कोणी बसवायला सांगितली?”

*

खरं म्हणजे साहेबांच्या घरचं घड्याळ म्हणजे ते ‘चूं’. कोपऱ्यावर आवाज आला की बाई चहाचं आधण ठेवायच्या आणि मंदा, त्यांची पोरगी, पुस्तक उघडायची.

एक दिवस साहेब गॅरेजात आले. चेहरा उतरलेला. “मिस्त्री, मंदाला पाहायला अमरावतीचे पाहुणे येताहेत. मागच्या दोन स्थळांनी गाडीचा आवाज ऐकूनच घरची हालत ओळखली. मुलगा फार चांगला आहे हो. यावेळी चूं नको.”

मला वाईट वाटलं. एवढा कोर्ट गाजवणारा माणूस, आणि आवाज असा बारीक!

सदूभाऊंनी मिशीवर हात ठेवला. “चूं झालं तं हे काढून देईन!”

एरवी एखाददुसराच बदलायचो, यावेळी सगळे बुश नवे टाकले. स्टेशनवरून निघाले तेव्हा साहेब चालवायला, बाजूला सदूभाऊ, त्याच बुशशर्टात, एक हात मिशीवर. मागं मुलगा आणि त्याची आई. एखादा नट ढिला पडला तर असावा म्हणून मी सायकलवर पाठोपाठ. गाडीचा स्पीडच तेवढा!

खड्डे आले, रूळ आले, आवाज नाही. मिशी वाचली!

फाटकात गाडी थांबली तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. आवाजच नाही, तर घरच्यांना कळणार कसं? बाई अंगणात कुरडया वाळत घालताहेत. मंदा जामाच्या झाडावर, म्हणजे तुमच्या पेरूच्या! अंगात बापाचा बुशशर्ट, सदूभाऊंच्या बुशशर्टाच्याच ताग्यातला.

साहेबांनी स्टीअरिंगवर कपाळ टेकलं. गेलं हेही स्थळ, मी म्हटलं.

मंदाला पानांतून फक्त सदूभाऊ दिसले. ती वरून ओरडली, “मिस्त्रीकाका, चूं काहून बंद केलं जी?”

मुलगा फिस्सकन हसला. आईनं त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं. मग सदूभाऊंचा बुशशर्ट पाहिला, मग झाडावरचा. सावकाश गाडीतून उतरून झाडाखाली गेली आणि पदर पसरला.

“पोरी, उतरू नको. पहिले ते वरचे पिवळे दोन टाक!”