मामासाठी रीटेक

भटजींनी पळी-पंचपात्र पिशवीत टाकलं आणि मला स्पष्ट सांगितलं, "एकदा लागलेलं लग्न परत लागत नाही. तुमच्या सिनेमात लागत असेल."

मी बोहल्यासमोर कॅमेरा घेऊन उभा. अक्षता पडून तास झाला होता. निम्मं वऱ्हाड पंगतीला बसलं होतं. नवरानवरीचे चेहरे भुकेनं उतरले होते. आणि मी सगळ्यांना म्हणत होतो, अंतरपाट परत धरा, परत समोरासमोर उभे राहा, मंगलाष्टकं पहिल्यापासून होऊ द्या.

आता हे असं का, ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझा छोटा स्टुडिओ होता. वडील मागावर बसणारे, घरात तेलुगू. पोरगा माग सोडून लोकांच्या लग्नात फिरतो, याचं त्यांना शेवटपर्यंत नवल वाटलं. मी कुठूनतरी सेकंडहँड एट एमएमचा कॅमेरा मिळवला आणि लग्नाची 'फिल्लम' काढणारा म्हणून माझं नाव झालं. नाव कसलं, आमच्या भागात दुसरा कुणी नव्हताच.

त्या कॅमेऱ्याला बॅटरी नव्हती. घड्याळासारखी चावी द्यायची. अर्धा मिनिट चालला की परत चावी. एक रीळ म्हणजे जेमतेम चार मिनिटं. आवाज नाही, नुसतं चित्र, पण रंगीत. आणि मुख्य म्हणजे निगेटिव्ह नाही. जी पट्टी कॅमेऱ्यातून गेली तीच मुंबईहून धुऊन येणार आणि तीच पडद्यावर दिसणार. ती कापली, जळली, की विषय संपला.

लग्न होतं नागनाथरावांच्या सुमनचं. नागनाथराव गिरणीत जॉबर, म्हणजे मागावरच्या कामगारांचे मुकादम. त्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की ते कानात बोलले तरी गल्लीला ऐकू जायचं. त्यांना स्वतःला फिल्मची हौस नव्हती. हौस होती त्यांच्या सासऱ्यांना, मंद्रूपच्या मायाप्पा आबांना. आबांची मांडी मोडली होती, खाटेवरून उठता येत नव्हतं. त्यांनी निरोप पाठवला होता की नातीचं लग्न मला फिल्लममध्ये बघायचंय, आणि माझा सिद्राम तिच्या पाठीशी उभा राहिलेला बघायचाय.

सिद्राम म्हणजे आबांचा मुलगा, सुमनचा मामा. आपल्याकडे मामाच मुलीला बोहल्यावर आणतो आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो, हे सांगायला नको. पण या मामानं अठरा वर्षांत भाचीच्या घराची पायरी चढली नव्हती. कारण काय, तर सुमनचं जावळ. तेव्हाही मामाच्या मांडीवर बसवूनच पोरीचे पहिले केस काढायचे होते. सिद्राम मेंढरं घेऊन लांब गेला होता, त्याला यायला उशीर झाला. नागनाथरावांनी वाट न बघता आपल्या मावसभावाच्या मांडीवर पोर बसवली. सिद्राम नवीन झबलं घेऊन दारात आला तो पोरीचा गुळगुळीत गोटा बघून तसाच परत फिरला. पाणीसुद्धा प्यायला नाही. तेव्हापासून सुमनची आई, हिराबाई, दर भाऊबीजेला चंद्राला ओवाळायच्या. सख्खा भाऊ तासाभरावर आणि ही बाई ताट घेऊन अंगणात.

लग्नालाही तेच झालं. मुहूर्त दुपारी बाराचा. मामाचा पत्ता नाही. भटजी घड्याळ दाखवू लागले. शेवटी तोच मावसभाऊ सुमनच्या मागं उभा राहिला आणि शेवटचं अष्टक संपता संपता सिद्राम मांडवाच्या दारात हजर. पिवळा फेटा, धाप लागलेली. वरून अक्षता पडतायत आणि हा दारात उभा.

"एस्टी बिगडली," एवढंच बोलला.

नागनाथराव म्हणाले, "असू द्या." हिराबाई मात्र मला कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, "मास्तर, आबाला काय दाखवू? परत बी न्हवताच म्हनू?"

मला काय सुचावं. धंद्याची घमेंड, दुसरं काय. मी म्हटलं, रीटेक घेऊ. रीटेक म्हणजे तेच दृश्य परत घ्यायचं. खरं लग्न कापून टाकायचं, दुसरं ठेवायचं. रिळात दीड मिनिट शिल्लक होतं.

सगळे तयार झाले. नवरा श्रीपूरच्या साखर कारखान्यावर नोकरीला, हसऱ्या स्वभावाचा. त्याला तर गंमतच वाटली. अडले फक्त भटजी. मुहूर्त टळल्यावर मंत्र म्हणणार नाही म्हणाले. मी त्यांना समजावलं की यात आवाज येतच नाही, तुम्ही नुसते ओठ हलवा.

भटजींचा चेहरा उजळला. "मग मी पाढे म्हणतो."

आणि म्हणाले की. एकोणतिसाचा पाढा, मंगलाष्टकांच्या चालीवर, डोळे मिटून. एकोणतीस दाहे दोनशे नव्वदला वऱ्हाडानं अक्षता टाकल्या. रंगवलेल्या अक्षता संपल्या होत्या म्हणून आचाऱ्याकडून कोरे तांदूळ आणले, तो वेगळा कुरकुरला. सुमननं मंगळसूत्र काढायला साफ नकार दिला. तिचं बरोबरच होतं, आत्ताच घातलेलं कोण काढेल? मी तिला पदर पुढं घ्यायला लावला. सिद्राम तिच्या मागं उभा राहिला, दोन्ही हात तिच्या खांद्यावर. त्या माणसाला असं रडू फुटलं की फेट्याचा शेमला डोळ्याला लावावा लागला. कॅमेऱ्यामागं मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू.

फिल्म महिन्याभरानं धुऊन आली. मी दुकानाचं शटर ओढून भिंतीवर लावून बघितली आणि मला दोन घोळ दिसले.

पहिली गोष्ट, अक्षता टाकताना सुमनचा पदर सरकला होता. समोर अंतरपाट आणि गळ्यात मंगळसूत्र, स्वच्छ दिसतंय. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. लग्नाआधी नवरदेव मारुतीचं दर्शन घेऊन घोड्यावरून मंगल कार्यालयाच्या दारात आला, तेव्हा मी रस्त्याच्या कडेला उभं राहून कॅमेरा डावीकडून उजवीकडे फिरवला होता. त्याच्या सुरुवातीला समोरचं चहाचं हॉटेल आलं होतं. हॉटेलाच्या दारात पिवळा फेटा. सिद्राम. हातात कपबशी. लग्न लागायला तेव्हा चांगला तास होता.

म्हणजे एस्टी बिघडली नव्हती.

आता काय करावं या विचारात दोन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशी सिद्राम स्वतःच स्टुडिओत आला. बसा म्हटलं तरी उभाच राहिला.

"मास्तर, घोडा आला तवा तुमचा क्यामेरा माज्याकडं फिरला हुता."

"फिरला होता."

"मी दिसतो?"

"कपबशीसकट," मी म्हटलं.

मग तो बसला आणि सगळं सांगितलं. दाजी आमंत्रणाची अक्षत द्यायला स्वतः मंद्रूपला आले नाहीत, पत्रिका कुणाच्या तरी हाती पाठवली. तरी भाचीसाठी हा पहिल्या गाडीनं आला. आला, पण पाय आत उचलेना. दाजी दारापर्यंत येऊन चला पावणं म्हणतील म्हणून हॉटेलात उभा राहिला. सहा चहा झाले. कुणी आलं नाही. आतून शेवटच्या अष्टकाचा आवाज आला आणि मग मात्र हा पळत सुटला.

"तेवडं कापा," तो म्हणाला. "दाजीला हे दिसलं तर माजी भन परत चंद्रालाच ववाळंल."

गिऱ्हाईकाची फिल्म दुसऱ्याच्या सांगण्यावरून कापायची नसते. हा धंद्याचा साधा नियम आहे आणि मी तो मोडला. मला डोळ्यांसमोर हिराबाई दिसत होत्या. एवढं करून भावाबहिणीची गाठ पडली आणि आता माझ्या कॅमेऱ्यापायी परत तुटायची, हे मला सहन होईना. त्या तुकड्यातून एकटा मामा काढता येत नव्हता, म्हणून घोड्याचं अख्खं दृश्यच काढलं. दोन फूट पट्टी. दोन टोकं खरवडून, सोल्यूशन लावून जोडली आणि काढलेला तुकडा डबीत ठेवला. मंगळसूत्राचं मात्र काही करता येईना, कारण मामा उभा होता तो त्याच दृश्यात. म्हटलं, म्हातारा माणूस, अंधुक दिसत असेल. बघू.

प्रोजेक्टर मांडीवर घेऊन मी एस्टीनं मंद्रूपला गेलो. भर दुपार. खोलीच्या दाराखिडकीला घोंगड्या लावल्या, भिंतीवर धोतर ताणलं. खाटेवर आबा, पायथ्याशी हिराबाई. नागनाथराव एका भिंतीला, सिद्राम समोरच्या. नागनाथराव अठरा वर्षांनी सासुरवाडीला आले होते. दोघं बोलले ते फक्त माझ्याशी.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आबांचा जन्म मेंढरांमागं गेलेला. दोनशे मेंढरांत कुठलं कुणाचं कोकरू हे लांबून ओळखणारा माणूस. त्याची नजर अंधुक असेल असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

फिल्म सुरू झाली. आबा टक लावून बघत होते. सिद्राम सुमनच्या मागं दिसला तसे म्हणाले, "थांबव."

"थांबवता येत नाही आबा. बल्ब तापलेला असतो, एका जागी थांबली तर फिल्म जळते."

"मग परत लाव."

परत लावली. ते दृश्य परत आलं, गेलं. आबा सावकाश म्हणाले, "सुमीच्या गळ्यात डोरलं आदीच हाय की. आन तांदूळबी कोरं."

हिराबाईंनी तोंडाला पदर लावला.

"सिद्राम," आबा म्हणाले, "तू येळंला हुतास का न्हवतास?"

सिद्रामनं माझ्याकडे बघितलं. मी प्रोजेक्टरकडे बघत बसलो. माझ्याच हातानं कापलेलं होतं.

आणि बोलले ते नागनाथराव. आवाज इतका खाली, की प्रोजेक्टरच्या पंख्यापुढं मला कान द्यावा लागला.

"हुता, आबा. येळंच्या आदी तासभर समोरच्या हाटेलात हुता. मी दारातनं बघितला हुता त्याला. मीच हाक मारली न्हाय."

सिद्राम उठून उभा राहिला. "तुमी बघितलं हुतं?"

"बघितलं हुतं. म्हनलं, येतो की आपनहून. जावळालाबी चुकलो, तवाबी हेच." नागनाथरावांनी मान खाली घातली. "आक्षत घिऊन मीच याला पायजे हुतं."

"मीबी यायला पायजे हुतं की," सिद्राम म्हणाला. "उगं च्या पीत बसलो."

मग हिराबाई बोलल्या. देवा रे, काय बोलल्या. आधी नवऱ्याला, मग भावाला, मग दोघांना एकदम. अर्धं मराठी, अर्धं कानडी. अठरा वर्षांचं साठलेलं सगळं त्या दुपारी बाहेर पडलं. दोन दांडगे बाप्ये शाळेतल्या पोरांसारखे भिंतीला टेकून ऐकत होते. आबा इतके हसले की मोडकी मांडी दोन्ही हातांनी धरून ठेवावी लागली. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायचं त्यांनी काही मनावर घेतलं नाही.

"आला न्हवं," ते म्हणाले. "कवा आला ह्ये कोन इचारतंय. मास्तर, लाव परत."

त्या दुपारी मी ते दृश्य नऊ वेळा दाखवलं. प्रोजेक्टरला हात लावता येईना इतका तापला. शेवटच्या दोन वेळा मामा आणि दाजी एकाच घोंगडीवर बसून बघत होते आणि भटजी कितीच्या पाढ्यावर आहेत यावर वाद घालत होते.

निघताना नागनाथराव मला सोडायला एस्टीपर्यंत आले. आवाज परत जागेवर आला होता. स्टँडवरच्या सगळ्यांनी वळून बघितलं.

"मास्तर, घोडा कुटं गेला?"

मी खरं ते सांगितलं. कुणी सांगितलं, का कापलं, सगळं. वाटलं आता हा माणूस मला फाडून खाणार.

"जोड परत," ते म्हणाले. "आता कुनापासनं झाकायचं?"

घरी येऊन मी डबी उघडली आणि तो तुकडा पहिल्यांदाच भिंगाखाली धरून एक एक चित्र बघत गेलो. आधी हॉटेल, पिवळा फेटा, कपबशी. मग घोडा, नवरदेव, बँडवाले. मग कार्यालयाचं दार. दारातली झाडून सगळी माणसं घोड्याकडे बघतायत. एकटे नागनाथराव रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडे बघतायत. आणि त्यांचा एक पाय पायरीच्या खाली उतरलेला. पुढच्या वीसेक चित्रांत तो पाय तसाच खाली आहे. मग त्यांनी तो परत वर घेतला आहे.

भिंतीवर लावल्यावर हे सगळं एका सेकंदात निघून गेलं होतं. मी तेव्हा फक्त फेटा बघितला होता.

तुकडा जागच्या जागी जोडला. तिथं फिल्म अजूनही जरा उडी मारते. त्या दिवाळीत भाऊबीजेला सिद्राम सोलापुरात आला आणि नागनाथराव त्याला आणायला स्टँडवर गेले होते, असं मला तिथल्या पानवाल्याकडून कळलं.

नंतर बरीच वर्षं लग्नं केली, पुष्कळ फिल्म कापली. पण कापण्याआधी तुकडा शेवटपर्यंत बघायचा, एवढी साधी गोष्ट मला शिकायला ही दोन फूट लागली.