साखरेचा लॉट नंबर

पंधरा मार्च, रविवार. मी गव्हाला एरंडेल चोळत बसले होते आणि माझे धाकटे दीर माझ्या लेकीच्या नोकरीचं वाटोळं करत होते. एवढ्या हुशारीचा एवढा उपद्रव देणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये दुसरा नसेल.

भावजी चाकणच्या एका कंपनीत तीस वर्षं तपासणी खात्यात होते. खराब नट सापडला की तो कुठल्या लॉटचा, कुठल्या मशीनवरचा, कुणाच्या शिफ्टचा हे हुडकल्याशिवाय डबा उघडायचे नाहीत. माणूस निवृत्त झाला, खोड झाली नाही. माझ्या मिक्सरचं झाकण तडकलं तेव्हा घरातल्या सगळ्यांना ओळीने उभं करून विचारलं, "पहिल्या शिफ्टला कोण होतं?" मी होते. तिन्ही शिफ्टला मीच असते, ही नोंद मात्र त्यांच्या वहीत कधी झाली नाही. आता नटांच्या जागी शब्द आलेत. विहारात मुलांना पाली शिकवतात आणि मोबाइलवर बघून स्पॅनिश शिकलेत. लेकीला महाळुंग्याची तिची कंपनी दोन वर्षांसाठी स्पेनला पाठवणार होती, पण सोमवारची भाषेची परीक्षा पास झाली तरच. म्हणून तिनं शब्दांची यादी काकाच्या हाती दिली. दोन तास झाले तरी गाडी 'अथूकार'वर, म्हणजे साखरेवर अडलेली.

"स्पेनला हा शब्द कुणी दिला? अरबांनी. अस्-सुक्कर. अरबांना इराण्यांनी, शकर. आणि इराण्यांना?"

"काका, अजून 'बी'चे शब्द सुरू व्हायचेत!"

"आपण! शर्करा. पालीत सक्खरा. मुळात अर्थ खडे, बारीक खडी."

माझं डोकं फिरलं. "भावजी, तिला तिथं साखर मागायचीय, साखरेची सोयरीक नाही जुळवायची!" तेलकट हातांनीच मी यादी ओढून घेतली. "जा आता घरी. पोर नापास झाली तर कारणाच्या रकान्यात तुमचं नाव लिहीन."

ते उठले. चप्पल घालताना एवढंच म्हणाले, "पोर एवढ्या लांब चाललीय, वहिनी. तिथल्या बोलण्यात घरचं काही सापडतं का, बघत होतो."

मी पुन्हा गव्हाला तेल चोळायला लागले. लेकीनं संध्याकाळपर्यंत यादी घोकून संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला स्कूटरवरून कंपनीच्या बसला सोडलं आणि येताना भावजींच्या घरी गेले. ते पेपरात तोंड खुपसून बसले, माझ्याकडे बघेनात. मी खुर्ची ओढली. म्हटलं, "संत्र्याला तिथं काय म्हणतात? आणि ते कुठून आलं तेही सांगा. मला वेळ आहे."