खात्रीचं अंतर आणि मोहाचं झाड

आईला वाघिणीनं नेलं, त्याला वर्ष होत आलं. ती मोहफुलं वेचत होती. पुढं वाघीण पकडली गेली आणि दूरच्या एका शहरातल्या प्राणिसंग्रहालयात तिची सोय झाली. मी तालुक्याच्या गावी, सावलीला, एका वाचनालयात काम करतो. दुखणाऱ्या गोष्टीबद्दल वाचत राहायचं, ही माझी सवय. यंदा फाल्गुनात एका मासिकात जगातल्या प्राणिसंग्रहालयांची तुलना आली. सुटीच्या दिवशी ती घेऊन मी गावी गेलो.

तुलना नेटकी होती. कुणाची जागा मोठी, कुणाकडे प्रजाती जास्त, कुणाचा दर्जा वरचा. जर्मनीतलं एक संग्रहात पुढं. सिंगापूरचं मांडणीत, कारण तिथं पाणी आणि झाडी अशी रचली आहे, की माणूस आणि जनावर एकाच रानात आहेत असं वाटावं. याला लेखकानं भरभरून गुण दिले होते. दर्जाची कसोटी म्हणून त्यानं लिहिलं होतं, की दोघांमध्ये न दिसणारं पण खात्रीचं अंतर हवं.

माझं डोकं तापलं. आमच्या परसात लाकडांचा ढीग आहे आणि त्यामागं लगेच जंगल. एकाच रानात असल्याचा भास आम्हाला कुणी रचून द्यावा लागत नाही. अंतराची खात्री मात्र आजवर कुणी दिलेली नाही.

"काय वाचून राह्यले भाऊजी?" वहिनीनं विचारलं. मी सांगितलं.

"मंग आपली वाघीण कितव्या नंबरात हाय?"

"आपली कशी?"

"आपल्याच घरचं खाऊन गेली ना. तिले तिथी डाक्टर हाय, रोजचं मटण हाय. आमाले पंचनामा."

पंचनाम्याच्या दिवशी वनखात्याच्या एका साहेबांनी विचारलं होतं, "पण त्या जंगलात गेल्याच कशाला?" तो संताप अजून उतरलेला नाही. ती आपल्या झाडाखाली गेली होती. आमच्याकडे मोहाची झाडं घरागणिक ठरलेली असतात. कागद नसतो, तरी दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नाही. झाड एक हंगाम सोडलं, की मात्र ते मोकळं समजतात.

वेचणारी बाई उकिडवी बसते. वाघाला मागून ती एखादं बुटकं जनावर वाटते. उभ्या, बोलत्या माणसाच्या वाट्याला तो सहसा जात नाही. झाडाखाली जाळी बांधली, तर फुलं तिच्यातच पडतात आणि असं बसावं लागत नाही. आई गेल्यावर मी जाळीसाठी अर्ज केला. तो परत आला. झाड तुमचंच असल्याचा दाखला जोडा, असं त्यावर लिहिलं होतं. माकडांच्या पिढ्यांची वंशावळ नीट ठेवल्याबद्दल मासिकात एका संग्रहालयाचं कौतुक होतं. आमच्या चार पिढ्या त्या झाडाखाली वाकल्या, त्याची नोंद कुणी ठेवायची?

"यंदा झाड सोडून द्या," मी वहिनीला म्हणालो.

"न मंग? दुसऱ्याची बाई बसन तिथी वाकून."



संध्याकाळी मावशी आली, आईची धाकटी बहीण. आमच्यात गेलेल्या बाईची लुगडी वर्षाच्या आत नात्यातल्या बायकांना वाटतात. मावशी आपलं न्यायला आली होती. वहिनीनं आतून एक भलंमोठं बोचकं आणून तिच्यासमोर उलगडलं. आईची सगळी लुगडी तिनं दुहेरी दोऱ्यानं एकमेकांना जोडली होती. हे जाळीऐवजी मोहाखाली बांधायचं, असं तिनं सांगितलं.

"मेलेलीचं लुगडं झाडाले बांधतेस काय वो बाई? लाज नाई?"

"तुमीबी या धराले, मावशी. खाली वाकाचं नाई, एवढंच."

अजून मला वाटतं, की मावशीचंच बरोबर होतं. ते लुगडं तिला मिळायला हवं होतं. एका जाळीपायी तिच्यावर ही वेळ यायला नको होती.

सकाळी चांगलं उजाडल्यावर आम्ही चार खांब रोवून कमरेइतक्या उंचीवर ते कापड ताणलं. फुलं टपटप पडू लागली. वहिनी उभ्यानं गोळा करायला लागली. मावशी खोडाला पाठ लावून, जंगलाकडं तोंड करून उभी राहिली आणि आपल्या लुगड्यापायी वहिनीला मोठमोठ्यानं शिव्या देत राहिली. तिला आम्ही थांबवलं नाही.