पोटाचा त्रास

सालेकशाकडच्या आमच्या छोट्या चर्चमध्ये बायका डावीकडे आणि पुरुष उजवीकडे सतरंजीवर बसतात. उपदेशाआधी पास्टर विचारतात, कुणासाठी प्रार्थना करायची? मग एकेक जण उठून सांगतो. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा. आणि दर रविवारी कुणाच्या तरी घरी 'पोटाचा त्रास' असायचाच.

मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. हा त्रास फक्त पुरुषांनाच का होतो, आणि मोहफुलं वाळली की जास्त का होतो, याचा छडा लावायचाच होता. तो लागला फजितीतून. लग्नानंतर एकदा माहेरी आले होते. पित्ताने हैराण झाले होते, म्हणून उठून माझ्याच पोटासाठी प्रार्थना मागितली. उपासना संपल्यावर एका काकूंनी मला कोपऱ्यात घेतलं.

"कधीपासून पेऊन राहिलीस वो, बाई?"

घरी येऊन हसत हसत आईला सांगितलं. आई हसली नाही. ती दर रविवारी माझ्या धाकट्या भावाच्या पोटासाठी उभी राहायची! दारू हा शब्द ती घरातसुद्धा तोंडातून काढत नसे. वहिनी कंटाळून आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावला माहेरी गेली. जाताना आईला म्हणाली, "त्याच्या पेन्यापेक्षा तुमच्या खोट्यानं थकली मी. खरं बोलाल तवा बलावा." आईने शेजारी सांगितलं, सुनेची तब्येत बरी नाही.

मला राहून राहून वाटायचं, वर देव तरी काय करत असेल? पोट बरं करून पाठवत असेल का?

गेल्या उन्हाळ्यात मी माहेरी असताना एका रविवारी चर्चमध्ये आई नेहमीसारखी उठली. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत पुरुषांच्या बाजूला भाऊ उभा राहिला.

"आई, माह्या पोटाले काही नाही झालं. मी दारू पेतो. सुटून नाही राहिली."

पास्टरांनी डोळे मिटले, पण प्रार्थना सुरू होईना. सगळ्यांचे डोळे मिटलेले, माझे उघडे. पास्टरांकडे या दुखण्याची प्रार्थनाच नव्हती बहुतेक. "प्रभू, याची दारू..." एवढंच म्हटलं, मग एकदम आमेन. आईने मान वर केली नाही. मला तिचा राग आला आणि कीवही आली.

नंतर पास्टर स्वतः त्याला मोटारसायकलवर बसवून डॉक्टरकडे नेऊ लागले. भावानेच त्यांना सांगितलं, दर रविवारी मला सगळ्यांसमोर विचारा. परवा मी गेले तेव्हाही त्यांनी विचारलं, "या हप्त्यात?"

"एकदा पेलो," भाऊ म्हणाला.

बायकांच्या बाजूला माझ्या शेजारून आई उठली. पदर सारखा केला.

"दोनदा," ती म्हणाली. "बुधवारीबी दारू पेला."